जुन्या बेस अँपमधलं हमिंग: आधी कानाने शोधा, मग स्क्रू उघडा

हमिंगचा, म्हणजे वाजवत नसतानाही स्पीकरमधून येणाऱ्या सततच्या गुणगुणीचा, त्रास साध्या गिटार अँपपेक्षा बेस गिटारच्या अँपमध्ये जास्त होतो, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. आपल्याकडच्या लाइटची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ. बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झला वाजते, ए तार ५५ला. म्हणजे लाइटचा सूर या दोन तारांच्या मध्ये येऊन बसतो. त्याची दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, मोकळ्या जी तारेच्या ९८ हर्ट्झला अगदी खेटून असते. इक्वलायझरने तो सूर कापायला गेलात तर गाण्याचा तळच कापला जातो. शिवाय बेसच्या स्पीकरची पेटी खालचे सूर वाजवण्यासाठीच बांधलेली असते. छोट्या, उघड्या पाठीच्या गिटार कॅबिनेटमधून जे हमिंग जाणवतही नाही, ते १५ इंची स्पीकरमधून खोलीभर पसरतं.

त्यामुळे बेस अँपमध्ये हा दोष मुळापासून काढण्याला पर्याय नाही. पण हमिंग आलं की सरसकट सगळे फिल्टर कंडेन्सर (आतला डीसी सपाट करणारे) बदलायला घेणं मला मान्य नाही. कंडेन्सर जुने असतील तर ते बदलावेच लागतील, पण दोष कुठे आहे ते ठरवल्यानंतर. नाहीतर इनपुट जॅकचा गंजलेला संपर्क किंवा उडालेला १०० ओहमचा रेझिस्टर तसाच राहतो, आणि भरीला तुमच्या नव्या सोल्डरिंगमधल्या चुका येतात.

उदाहरणासाठी मी फेंडर बॅसमनच्या जातीचा, साठ-सत्तरच्या दशकातला व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अँप धरतो. फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस आणला आणि १९५२ साली त्याच्या जोडीला बॅसमन. पुढे १९६० साली अँपेगचा बी-१५ आला आणि १९६९ साली ३०० वॅटचा एसव्हीटी. आपल्याकडे असे अँप अनेकदा परदेशातून, बोटीवर नोकरी करणाऱ्या कोणाच्या तरी सामानातून आलेले असतात. ते अमेरिकेच्या ११७ व्होल्ट, ६० हर्ट्झसाठी बांधलेले असतात, आणि पुढे दिसेल तसं हमिंगशी याचा थेट संबंध आहे.

जिवाची काळजी

व्हॉल्व्ह अँपमध्ये ४०० व्होल्टच्या वर डीसी असतो, एसव्हीटीमध्ये तर ७०० व्होल्टच्या आसपास. प्लग काढल्यानंतरही फिल्टर कंडेन्सरमध्ये तो बराच वेळ साठून राहतो. तुम्ही याआधी उच्च दाबाच्या सर्किटवर काम केलं नसेल, तर या लेखातल्या झाकण न उघडता करायच्या चाचण्या तुम्ही करा आणि उघडण्याचं काम जाणत्या माणसाकडे द्या. निम्म्याहून जास्त निदान झाकण न उघडताच होतं, त्यामुळे यात कमीपणा काहीच नाही.

उघडणार असाल तर क्रम असा. अँप बंद करा आणि प्लग भिंतीतून काढा. स्टँडबाय स्विच (व्हॉल्व्ह गरम ठेवून आवाज बंद करणारा) वाजवायच्या बाजूला ठेवा, कारण काही अँपमध्ये स्विचच्या अलीकडचे कंडेन्सर वेगळे भरलेले राहतात. १० किलोओहम, १० वॅटच्या वायरवाउंड रेझिस्टरला इन्शुलेटेड क्रोकोडाइल क्लिपा लावा. एक क्लिप चॅसीला (अँपच्या पत्र्याच्या सांगाड्याला), दुसरी कंडेन्सरच्या पॉझिटिव्हला, आणि दहा-पंधरा सेकंद थांबा. मग मल्टीमीटरने प्रत्येक कंडेन्सर स्वतंत्र मोजा. मीटर जवळजवळ शून्य दाखवेपर्यंत हात आत घालायचा नाही. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची जुनी सवय सोडून द्या, त्याने कंडेन्सरही खराब होतो आणि जवळच्या नाजूक भागांनाही झटका बसतो. चालू अँपमध्ये मोजताना मीटरची काळी क्लिप आधीच चॅसीला लावून ठेवा आणि एकाच हाताने काम करा. स्पीकर जोडलेला नसताना व्हॉल्व्ह अँप चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

सिरीज बोर्ड हवाच. फेजच्या वायरमध्ये १०० वॅटचा तारेचा बल्ब घेतलेला साधा बोर्ड. एलईडी बल्ब इथे चालत नाही. बरीच वर्षं बंद पडलेला अँप पहिल्यांदा याच बोर्डवर लावायचा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जा. भगभगीत पेटलेलाच राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे. स्टेपडाउन वापरत असाल तर बल्ब त्याच्या अलीकडे, २३० व्होल्टच्या बाजूला घ्या.

भिंतीपासून सुरुवात

अँपला हात लावण्याआधी सॉकेट तपासा. फेज आणि न्यूट्रलमध्ये सुमारे २३०, फेज आणि अर्थमध्येही जवळजवळ तेवढेच, आणि न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन व्होल्ट, असं यायला हवं. फेज-अर्थमध्ये भलताच आकडा आला तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. जुन्या चाळींत, वाड्यांत आणि तात्पुरत्या मांडवात हे नेहमी सापडतं. अर्थ नसेल तर अँपची चॅसी हवेत लटकते, हमिंग वाढतं आणि तारांना हात लावला की झिणझिण्या येतात. झिणझिण्या जाणवल्या की वाजवणं तिथेच थांबवायचं.

आता स्टेपडाउन. बाजारात मिळणारे बरेच स्टेपडाउन हे ऑटोट्रान्सफॉर्मर असतात, म्हणजे दोन्ही बाजूंची एक वायर एकच असते आणि लाइटपासून सुटकेचा फायदा मिळत नाही. त्यातल्या कित्येकांना बाहेर दोन पिनांचंच सॉकेट असतं, त्यामुळे अर्थ तिथेच तुटतो. तिसरी पिन आतून खरोखर जोडलेली आहे का, ते मीटरच्या बझरने तपासून घ्या. ११० आणि १२० असे दोन्ही पर्याय असतील तर ११० घ्या. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० हर्ट्झवर चालवला की त्याच व्होल्टला त्याच्या गाभ्यातला चुंबकीय भार एकपंचमांशाने वाढतो. तो जास्त तापतो, लोखंडी पट्ट्या जास्त गुणगुणतात आणि बाहेर सांडणारं चुंबकीय क्षेत्रही वाढतं. थोडा कमी दाब दिला की हे सगळं सौम्य होतं.

वायरच्या रंगांकडे नीट लक्ष द्या. अमेरिकी अँपमध्ये काळी वायर फेजची असते, पांढरी न्यूट्रलची. आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल, लाल फेज. कोणी कॉर्ड बदलताना रंग पाहून सरळ काळीला काळी जोडली असेल तर स्विच आणि फ्यूज न्यूट्रलवर गेलेले असतात. स्विच आणि फ्यूज दोन्ही फेजवरच हवेत.

त्या काळच्या अमेरिकी अँपच्या मागे ग्राउंड स्विच असतो आणि त्याला जोडून ०.०४७ मायक्रोफॅरड, ६०० व्होल्टचा एक कंडेन्सर लाइटमधून चॅसीकडे जातो. दोन पिनांच्या काळात हमिंग कमी करण्यासाठी तो घातलेला होता. तो शॉर्ट झाला की फेज थेट चॅसीवर, म्हणजे गिटारच्या तारांवर येतो. तो कापून टाका आणि चांगल्या तीन पिनांच्या कॉर्डची हिरवी किंवा हिरवी-पिवळी वायर चॅसीला स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून घट्ट बसवा.

आणि हमिंग कमी व्हावं म्हणून प्लगची अर्थ पिन काढून टाकणं किंवा तिला टेप गुंडाळणं कधीही करू नका. स्टेजवर हे सर्रास होतं. एका हातात अर्थ नसलेल्या अँपला जोडलेला बेस आणि ओठांजवळ अर्थ असलेला माइक, अशा अवस्थेत माणूस मरू शकतो.

दोष अँपमध्ये आहे की बाहेर?

इनपुटमधली केबल काढून टाका. हमिंग गेलं तर दोष अँपच्या बाहेर आहे. केबल परत लावा, बेस हातात घ्या आणि उभ्या जागी हळूहळू गोल फिरा. एखाद्या दिशेला हमिंग कमी-जास्त झालं तर ते पिकअपमध्ये शिरतंय. जॅझ बेसमध्ये दोन सिंगल कॉइल पिकअप असतात. दोन्हींचे व्हॉल्यूम पूर्ण उघडले की त्यांचं हमिंग एकमेकांना खोडून काढतं, एकाचा थोडा जरी कमी केला तरी परत येतं. हा बेसचा स्वभाव आहे. १९५७ नंतरच्या प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप मात्र मुळातच हमिंग खोडणारा आहे, तिथे इतकं हमिंग येऊ नये. तारांना हात लावल्यावर हमिंग कमी झालं तर तारांचा ग्राउंड जोडलेला आहे. वाढलं तर जॅकच्या वायरी उलट्या आहेत किंवा तारा जिथे टेकतात त्या ब्रिजखालची ग्राउंड वायर तुटली आहे.

खोलीतलं काय काय बंद करता येतं ते एकेक करून बंद करून पाहा: चोकची ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, डिमर, स्वस्त चार्जर. इन्व्हर्टरवर चालवत असाल तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे का ते पाहा, त्यातून येणारी खरखर अँपच्या दोषासारखीच वाटते.

अँप एकटा शांत आणि मिक्सरला जोडला की हमिंग, असं असेल तर तो ग्राउंड लूप. अँप आणि मिक्सर वेगवेगळ्या सॉकेटवरून अर्थ घेतात आणि सिग्नल केबलच्या जाळीतून त्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. दोन्हींना एकाच बोर्डवरून लाइट द्या. तरी राहिलं तर मध्ये ट्रान्सफॉर्मरचा डीआय बॉक्स (अँप आणि मिक्सर यांच्यामधला जोडणीचा डबा) घाला आणि त्याचा ग्राउंड लिफ्ट दाबा. तो स्विच फक्त सिग्नलची जाळी सोडवतो, विजेचा अर्थ तसाच राहतो, म्हणून तो सुरक्षित आहे.

सूर ओळखा

केबल काढलेली आहे आणि हमिंग तरीही चालू आहे. आता सगळ्यात मोलाची चाचणी, आणि ती बेस वाजवणाऱ्यालाच सर्वांत चांगली जमते. बेस ट्यूनरवर नीट लावून घ्या. ई तारेवर तिसऱ्या पडद्यावर जी वाजतो, ४९ हर्ट्झ. मोकळी जी तार ९८ हर्ट्झ. बेसचं लाकूड दाताला किंवा कानाजवळच्या हाडाला टेकवून, किंवा दुसऱ्या छोट्या अँपमधून हे दोन सूर वाजवा आणि हमिंग कोणाशी जुळतं ते ऐका. ५० हर्ट्झचं हमिंग गोल, मऊ, छातीत जाणवणारं असतं. १०० हर्ट्झच्या हमिंगला बहुतेकदा कडा असतात, भुंग्यासारखी भुणभुण त्यात मिसळलेली असते. फोनवरचं स्पेक्ट्रम दाखवणारं अॅपही चालेल, पण फोनचा माइक ५० हर्ट्झला अशक्त असतो, म्हणून तिथे फक्त १०० दिसलं तरी कानाचं ऐका.

हा फरक महत्त्वाचा का, तर लाइटचा डीसी करणारा रेक्टिफायर लाटेचे दोन्ही अर्धे वापरतो आणि त्यातून १०० हर्ट्झचा रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, निघतो. म्हणून १०० म्हणजे डीसी पुरवठा: फिल्टर कंडेन्सर, आउटपुट व्हॉल्व्हचा असमतोल, किंवा चॅसीतला चुकीचा ग्राउंड. ५० म्हणजे जिथे लाइट अजून सरळ झालेली नाही: व्हॉल्व्ह तापवणाऱ्या हीटरच्या वायरी, व्हॉल्व्हमधली गळती, ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र, उघडा पडलेला इनपुट, आणि बायसचा (आउटपुट व्हॉल्व्हचा करंट ठरवणाऱ्या दाबाचा) पुरवठा. बायस बहुतेक फेंडरमध्ये एकाच डायोडवर चालतो, म्हणून त्याचा रिपल ५० हर्ट्झचा असतो. मुख्य रेक्टिफायरची एक बाजू उडाली तरीही ५० येतं.

त्याआधी एक खात्री: आवाज स्पीकरमधूनच येतोय ना? स्टँडबायवर टाका. तरीही गुणगुण राहिली आणि कान हेडजवळ नेल्यावर वाढली, तर ट्रान्सफॉर्मरच्या पट्ट्या वाजताहेत. बोल्ट आवळा, खाली रबराचा वॉशर घालून पाहा. सर्किटमध्ये शोधण्यासारखं काही नाही.

आता हमिंगला आकडा द्या. मल्टीमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवून स्पीकरच्या दोन टोकांवर लावा, सगळे व्हॉल्यूम शून्यावर, आणि रीडिंग लिहून ठेवा. पुढे केलेल्या प्रत्येक बदलानंतर पुन्हा मोजा. कान दिवसभरात थकतो आणि आपण केलेल्या मेहनतीवर विश्वास ठेवायला लागतो, मीटर तसं करत नाही.

नॉब आणि व्हॉल्व्ह

व्हॉल्यूम शून्यावरून वर न्या. हमिंग त्याबरोबर वाढलं तर दोष व्हॉल्यूमच्या अलीकडे, म्हणजे इनपुट आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या भागात आहे. नॉब कुठेही असला तरी हमिंग तसंच राहिलं तर पलीकडे: फेज इन्व्हर्टर (आउटपुट व्हॉल्व्हना एकमेकांविरुद्ध सिग्नल देणारा व्हॉल्व्ह), आउटपुट किंवा पुरवठा. दोन चॅनल असतील तर दोन्ही वेगवेगळे करून पाहा. एकाच चॅनलला हमिंग असेल तर मुख्य फिल्टर कंडेन्सरवरचा संशय तिथेच संपला, कारण ते दोन्हींना सामाईक आहेत.

मग व्हॉल्व्ह काढून पाहा. अँप बंद, थोडं थंड होऊ द्या, आणि इनपुटजवळचा पहिला व्हॉल्व्ह काढून पुन्हा चालू करा. हमिंग गेलं तर ते त्याच्यात किंवा त्याच्या अलीकडे होतं. त्या जागी खात्रीचा १२एएक्स७ लावा, आपल्याकडे तो ईसीसी८३ नावानेही मिळतो. तरीही हमिंग असेल तर दोष व्हॉल्व्हच्या आजूबाजूच्या सर्किटमध्ये. पहिला काढूनही काही फरक पडला नाही तर पुढचा, असं करत फेज इन्व्हर्टरपर्यंत या. फेज इन्व्हर्टर काढूनही हमिंग राहिलं तर आउटपुट आणि पुरवठा एवढेच उरतात. शेवटी आउटपुटचे दोन्ही व्हॉल्व्ह काढल्यावरही स्पीकरमध्ये हमिंग येत असेल, तर मेन्स ट्रान्सफॉर्मर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये थेट चुंबकीय हमिंग घालतोय.

ही पद्धत बॅसमनसारख्या अँपला सुरक्षित आहे. एसव्हीटीमध्ये ड्रायव्हर व्हॉल्व्ह आणि आउटपुटचा बायस थेट जोडलेले असतात, तिथे सर्किटचा नकाशा पाहिल्याशिवाय ड्रायव्हर उपटू नका.

१०० हर्ट्झ निघालं तर

पहिला संशय आउटपुट व्हॉल्व्हवर घ्या, कारण तपासायला तेच सोपे आहेत. पुश-पुल जोडणीत, म्हणजे दोन आउटपुट व्हॉल्व्ह आळीपाळीने ढकलतात तिथे, पुरवठ्याचा रिपल आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन अर्ध्यांत विरुद्ध दिशांनी जातो आणि रद्द होतो, पण दोन्ही व्हॉल्व्हमधून सारखा करंट असेल तरच. एक व्हॉल्व्ह ४५ मिलिअँपिअर आणि दुसरा २० घेत असेल तर नवेकोरे कंडेन्सर असूनही अँप गुणगुणणार. प्रत्येक आउटपुट व्हॉल्व्हच्या कॅथोडमध्ये, म्हणजे ६एल६च्या ८ नंबरच्या पिनमध्ये, १ ओहमचा रेझिस्टर घाला. त्यावरचा प्रत्येक मिलिव्होल्ट म्हणजे एक मिलिअँपिअर. ४४० व्होल्टच्या आसपास ६एल६जीसीला ३० ते ४० मिलिअँपिअर रास्त, आणि दोघांत चार-पाचपेक्षा जास्त फरक नको. रुपेरी पॅनलच्या फेंडरमध्ये मागे दोन व्हॉल्व्ह समतोल करणारा पॉट (फिरवून बदलायचा रेझिस्टर) असतो, तो फिरवून हमिंग सर्वांत कमी होतं ती जागा शोधा. व्हॉल्व्हची प्लेट लाल दिसली तर तत्काळ बंद करा, बायस गेलेला आहे.

समतोल ठीक असेल तर फिल्टर कंडेन्सर. बॅसमनमध्ये ते चॅसीवरच्या पत्र्याच्या झाकणाखाली ओळीने बसवलेले असतात. बरेचदा सुरुवातीला ७० मायक्रोफॅरड, ३५० व्होल्टचे दोन कंडेन्सर एकामागे एक जोडलेले असतात, म्हणजे प्रत्यक्षात ३५ मायक्रोफॅरड. फुगलेलं टोक, सुकलेला द्राव, बाहेर आलेला रबर दिसला तर प्रश्नच मिटला. बाहेरून चांगला दिसणारा कंडेन्सरही आतून सुकलेला असू शकतो, म्हणून रिपल मोजा. मीटर एसीच्या मोठ्या रेंजवर, आणि रेड प्रोबमध्ये ०.१ मायक्रोफॅरड, १००० व्होल्टचा कंडेन्सर सिरीजमध्ये, म्हणजे डीसी मीटरमध्ये शिरत नाही. अपेक्षित आकडा साध्या हिशेबाने काढता येतो. १०० मिलिअँपिअर भाग १०० हर्ट्झ भाग ३५ मायक्रोफॅरड, म्हणजे टोकापासून टोकापर्यंत जास्तीत जास्त २९ व्होल्ट, मीटरवर साधारण ७-८. हाच अँप अमेरिकेत १२० हर्ट्झच्या रिपलवर चालतो तेव्हा आकडा एकषष्ठांशाने कमी असतो. आपल्याकडे तोच अँप थोडं जास्त हमिंग देतो ते यामुळेच. पुरवठ्यातल्या चोकच्या (लहर अडवणाऱ्या गुंडाळीच्या) पलीकडे हा रिपल एक व्होल्टच्या बराच खाली हवा, आणि पहिल्या व्हॉल्व्हच्या पुरवठ्यावर मिलिव्होल्टांत. ज्या टप्प्यावर आकडा अचानक मोठा दिसेल त्या टप्प्याचा कंडेन्सर गेला.

खात्री करायची तर अँप बंद करून, डिस्चार्ज करून, चांगला कंडेन्सर समांतर क्लिपने लावा, चालू करून ऐका, पुन्हा बंद, पुन्हा डिस्चार्ज. चालू अँपमध्ये हाताने कंडेन्सर टेकवून पाहणारे लोक मी पाहिले आहेत, तुम्ही करू नका.

एक सुकला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही त्याच वाटेवर आहेत, तेव्हा इथे मात्र सगळे एकदम बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत तपकीर गल्लीत शोधता येतील. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही बिघडतो, म्हणून उत्पादनाचं साल पाहून, १०५ अंश तापमानापर्यंतचा घ्या. व्होल्टेज जुन्याइतकं किंवा जास्त. क्षमता थोडी वाढवली तर चालते, पण अँपमध्ये व्हॉल्व्हचा रेक्टिफायर असेल तर जपून. जीझेड३४ला पहिल्या टप्प्यावर ६० मायक्रोफॅरडच्या वर सोसत नाही.

कंडेन्सर बदलल्यावर हमिंग गेलं नाही, उलट कडक भुणभुण सुरू झाली, तर ग्राउंडची जागा चुकली आहे. पहिल्या कंडेन्सरमध्ये करंट मोठ्या झटक्यांनी भरतो. त्याची निगेटिव्ह वायर थेट मेन्स ट्रान्सफॉर्मरच्या उच्च दाबाच्या सेंटर टॅपच्या (गुंडाळीच्या मधोमध काढलेल्या वायरीच्या) बिंदूवर जायला हवी. ती जवळ पडते म्हणून प्रीअँपच्या ग्राउंडवर जोडली की ते झटके पहिल्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतात. दुरुस्तीनंतर उद्भवलेल्या भुणभुणीत मी सर्वांत आधी हेच तपासतो.

५० हर्ट्झ निघालं तर

इनपुटपासून सुरुवात. काहीच न खुपसलेलं असताना जॅकमधली पट्टी इनपुटला ग्राउंडशी शॉर्ट करते. किनाऱ्याच्या दमट, खाऱ्या हवेत ही पट्टी हिरवी-काळी पडते, इनपुट उघडा राहतो आणि अँप एरियलसारखा लाइट पकडतो. एका जुन्या प्लगची टोकं आतून शॉर्ट करून तो खुपसा. हमिंग गेलं तर जॅक दोषी. काँटॅक्ट क्लीनर, बारीक कागदाची पट्टी, आणि न सुधारल्यास नवा जॅक. जॅक आणि पॉटच्या नटांनाही हात लावा. बऱ्याच जुन्या फेंडरमध्ये पॉटमागे पितळी पत्रा असतो आणि तोच प्रीअँपचा ग्राउंड असतो, सैल नट म्हणजे सैल ग्राउंड.

मग हीटर. चॅसीपासून हीटरच्या दोन्ही वायरींवर एसी मोजा. १२एएक्स७वर ९ नंबरची पिन एका बाजूला आणि ४-५ एकत्र दुसऱ्या बाजूला, ६एल६वर २ आणि ७. दोन्हीकडे सुमारे ३.१५ व्होल्ट यायला हवेत. एकीकडे सहा आणि दुसरीकडे शून्याजवळ आलं, तर समतोल तुटला आहे. ज्या अँपमध्ये १०० ओहमचे दोन रेझिस्टर सेंटर टॅपचं काम करतात, त्यांतला एखादा आउटपुट व्हॉल्व्ह शॉर्ट झाला त्या वेळी जळून गेलेला असतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. काही रुपयांचा भाग, आणि त्यापायी शेकडो रुपयांचे कंडेन्सर बदललेले मी पाहिले आहेत. हीटरचा समतोल साधणारा हमचा पॉट असेल तर तो मधोमध ठेवून दोन्हीकडे हळू फिरवा. हीटरच्या वायरी एकमेकींत पिळलेल्या, चॅसीच्या कोपऱ्याला चिकटून आणि ग्रिडच्या (व्हॉल्व्हला सिग्नल देणाऱ्या) वायरींपासून दूर असाव्यात.

बायस पुरवठ्याचा कंडेन्सर छोटा असतो, आउटपुटजवळ, उष्णतेत बसलेला, आणि त्याची पॉझिटिव्ह बाजू चॅसीकडे असते. बदलताना हे उलटं लावणं फार सोपं आहे, जपून. तो पूर्ण गेला तर बायसच जातो आणि व्हॉल्व्ह लाल होतात, म्हणून हमिंग असो वा नसो, पन्नास वर्षांच्या अँपमध्ये तो नवा घाला.

चॅसी पेटीबाहेर काढून टेबलावर ठेवली की तिची एक बाजू उघडी पडते. पेटीच्या आत त्या बाजूला पत्रा किंवा फॉइल असतं ते याचसाठी. वर ट्यूबलाइट असेल तर टेबलावर थोडं जादा हमिंग येणारच, त्याच्या मागे लागू नका. फॉइल फाटलं असेल तर नवं लावा आणि ते चॅसीला टेकतंय याची खात्री करा. प्रीअँपच्या व्हॉल्व्हवरच्या पत्र्याच्या टोप्याही परत बसवा, दुरुस्तीत त्या हरवलेल्या असतात.

ट्रान्झिस्टरचा अँप असेल तर

पद्धत तीच, फक्त संशयित वेगळे. स्विच लावताच मोठा घूं आणि स्पीकरचा कोन पुढे किंवा मागे ढकलला गेला, तर आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट आहे आणि स्पीकरमध्ये डीसी जातोय. ताबडतोब बंद करा. व्हॉल्व्ह अँपच्या उलट, ट्रान्झिस्टरचा अँप स्पीकरशिवाय चालू करून आउटपुटवर डीसी मोजता येतो, काही दशक मिलिव्होल्टांच्या वर नको. मुख्य कंडेन्सर मोठे आणि जड असतात, गाडीत हादरून त्यांच्या पायांशी ड्राय सोल्डर होतं. भिंगाने पायाभोवतीची बारीक गोल चीर शोधा आणि सोल्डर नवं करा. व्हॉल्यूमबरोबर वाढणारं हमिंग असेल तर प्रीअँपचे प्लस-मायनस १५ व्होल्ट मोजा. मागे सेंड-रिटर्नचे (बाहेरचा इफेक्ट जोडायचे) जॅक असतील तर त्यांच्यात छोटी केबल लावून पाहा, आतले संपर्क गंजल्याने हमिंग येतं आणि आवाजही मधूनच जातो.

काम झाल्यावर

सिरीज बोर्डवर, मग थेट. बायस पुन्हा मोजा, तासभर वाजवा, पुन्हा मोजा. व्हॉल्यूम शून्यावर असताना स्पीकरवर १० मिलिव्होल्टच्या आत एसी आला तर व्हॉल्व्ह अँपसाठी ते छान आहे, शांत खोलीत जवळ गेल्यावर पुसट ऐकू येईल, स्टेजवर नाही. ५० मिलिव्होल्टच्या वर असेल तर अजून काहीतरी उरलंय, नॉबच्या चाचणीपासून पुन्हा सुरू करा.

शेवटी एका कागदावर तारीख, बदललेले भाग, बायसचे दोन आकडे, हमिंगचं आधीचं आणि नंतरचं रीडिंग लिहा आणि तो कागद पेटीच्या आतल्या बाजूला, ट्रान्सफॉर्मरच्या उष्णतेपासून दूर चिकटवा. पुढच्या वेळी अँप उघडणाऱ्याला, मग ते तुम्ही असा किंवा आणखी कोणी, तेवढ्याने शोधाचे अर्धे टप्पे वाचतात.